भिंतीवरची पाल

पालीची मला लहानपणापासून शिसारी. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी ट्यूबलाइटच्या मागे एक जाडजूड पाल राहायची आणि तिच्यापायी मी कित्येक संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून अभ्यास केला. आई म्हणायची, "डॉक्टर व्हाचं म्हणते अन् पालीले भेते." भीत नव्हते, किळस यायची. फरक आहे. हा फरक आईला आजतागायत पटलेला नाही. मी सर्जन होऊन वीस वर्षं झाली, तरी घरात पाल निघाली की झाडू तीच हातात घेते.

हे सांगते आहे कारण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक एका पालीपायी झाली. ऑपरेशन टेबलावरची चूक नाही. टेबलावर मी ठीक होते. टेबलापासून बाजूला झाल्यावर माती खाल्ली.

रायपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी काम करते. कुठल्या, ते सांगत नाही, आणि यात कुणाचंच नाव घेणार नाही. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले, वडीलही रेल्वेतच गेले. घरात आमची नागपुरी, बाहेर हिंदी, पेशंटशी छत्तीसगढी. लिहिताना मी नीट लिहायचा प्रयत्न करते, पण टाळकं सरकलं की घरची भाषा तोंडात येते. तेवढं सांभाळून घ्या.

दक्षिणेला बस्तरच्या जंगलात पोलीस आणि नक्षलवादी यांच्यात गोळीबार झाला की जखमी हेलिकॉप्टरनं आमच्याकडे येतात. हेलिकॉप्टर आमच्या गच्चीवरून जातं. आई उन्हाळ्यात तिथे कुरडया वाळत घालत असते, त्यामुळे पुष्कळदा हॉस्पिटलच्या आधी तिचाच फोन येतो. "आलं वं तुयं. जेवून घे आधी." तिचं म्हणणं बरोबर असतं. एकदा टेबलाशी उभी राहिले की संध्याकाळ होते.

आणि संध्याकाळी भाजी घ्यायला उभं राहावं तर ओळखीचा कुणीतरी विचारणारच, "मॅडम, आज किती आले? आपले किती, त्यांचे किती?" मॅच चालू असल्यासारखं. लाज नाही वाटत लोकांना! कापल्यावर आत आपलं आणि त्यांचं असं काही वेगळं निघत नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल. ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतात.

गोळीची जखम म्हणजे काय, ते थोडं सांगते. आत शिरताना करंगळीच्या टोकाएवढं भोक. बाहेर पडताना तळहाताएवढं भगदाड. वाटेत हाड आलं तर त्याच्या ठिकऱ्या उडून मांसात घुसतात, आणि सोबत माती, पाचोळा, अंगावरच्या कपड्याचे धागे. आम्ही मेलेलं मांस कापून काढतो, धुतो, परत धुतो, आणि जखम उघडी ठेवतो. शिवत नाही. नातेवाईक भांडायला येतात, टाके काहून नाही घातले म्हणून. लगेच शिवलं तर आत सडतं. चार-पाच दिवस थांबायचं, रोज पाहायचं, मग शिवायचं. घाई करायची नाही, हे मी नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी शिकवते.

त्या दिवशी मार्च संपत आला होता. अकराच्या सुमारास आईचा फोन आला आणि तासाभरात दोन स्ट्रेचर आमच्या दारात. एकावर जवान, चोविसेक वर्षांचा, दंडातून गोळी आरपार गेलेली. तो तिकडचाच, बस्तरचा गोंड, पोलिसात भरती झालेला. दुसऱ्यावर एक बाई. डाव्या मांडीचं हाड फुटलेलं. तिच्या कागदावर लिहिलं होतं, "अज्ञात महिला, उम्र लगभग बाईस." दोघांना एकाच हेलिकॉप्टरमध्ये, शेजारी शेजारी आणलं होतं. तो आमचा हिरो, ती आरोपी. तिच्याबरोबर एक महिला शिपाई होती, ती स्ट्रेचरचा दांडा धरून चालत होती.

बाईची मोठी रक्तवाहिनी थोडक्यात वाचली होती. आम्ही तिचा पाय बाहेरून सळया लावून बांधला. कपडे कात्रीनं कापून पिशवीत भरले, पुराव्यासाठी लागतात. पोलका पुढून ओलाचिंब होता. तो मी पाहिला. हो, पाहिला! घाम असेल, सलाइन असेल, रक्ताचं पाणी असेल म्हणून पिशवीत टाकला. दोन लेकरांची आई आहे मी. दोघांना अंगावर पाजलंय. आणि तो ओला पोलका हातात धरून मला काही सुचलं नाही.

तीनच्या सुमारास ती शुद्धीवर आली. मी राउंडला गेले तर ती भिंतीकडे डोळे लावून पडलेली, आणि ओठ हलत होते. वाकून ऐकलं.

"पाल," ती म्हणाली. "पाल... पाल..."

मी वर पाहिलं. ट्यूबलाइटच्या शेजारी खरोखरच पाल होती. लठ्ठ, पांढुरकी, शेपूट वळवून बसलेली.

आता हसू नका. मला त्या बाईबद्दल एकदम माया दाटून आली. वाटलं, बिचारी गोळी खाऊन आली, पाय फुटला, आणि भीती कशाची वाटते, तर पालीची. अगदी माझ्यासारखी. वॉर्डात हिंदी बोलणाऱ्यांना "पाल" ऐकून काहीच कळलं नसतं, ते छिपकली म्हणतात. मला कळलं! मराठी येते ना मला! या शहाणपणाचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे आठवलं की आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

मी आयाबाईला लांब झाडू आणायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा पाल हाकलायला मी स्वतः उभी राहिले. आम्ही दोघींनी पाच मिनिटं धुमाकूळ घातला, तेव्हा कुठे ती खिडकीतून बाहेर गेली. मी त्या बाईच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, "भाग गे. अब सुत जा." पळाली, झोप आता.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पुन्हा, "पाल."

भूल उतरताना भास होतात, असं मी नर्सला सांगितलं आणि निघून गेले.

पाच वाजता साहेब आले. साहेब म्हणजे तिच्या केसचे तपास अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "मैडम, बस दो मिनट. बयान लेना है." पेशंटचं बयान घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं, मरीज होश में है और बयान देने की स्थिति में है. कागद तयारच होता. फक्त सही आणि वेळ घालायची बाकी होती.

पण मी काही डोळे मिटून सही करणाऱ्यांतली नाही. असं मला वाटायचं. मी तिच्याजवळ गेले आणि छत्तीसगढीत तीन प्रश्न विचारले.

"बने लागत हे?" बरं वाटतंय का?

"हव," ती म्हणाली.

"पीरा हे का?" दुखतंय का?

"हव."

"मोर बात समझत हस न?" माझं बोलणं समजतंय ना?

"हव."

हव म्हणजे हो. आमच्या नागपुरी "हौ"ची सख्खी बहीणच. रायपुरात दिवसभर कानावर पडणारा शब्द, रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत. मी सही केली. वेळ घातली, पाच वाजून दहा मिनिटं. साहेबांनी खुर्ची ओढली आणि मला दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं. दारातून बाहेर पडताना मागून तिचा आवाज येत होता. हव. हव. हव.

बरं वाटतंय आणि दुखतंय, दोन्हीला हो. मांडी फुटलेल्या बाईला बरं कसं वाटेल? हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. जखम शिवायला पाच दिवस थांबायची अक्कल आहे आम्हाला, आणि बयानाला एक रात्र थांबायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची जुनी सिस्टर ड्यूटीवर आली. ती केरळची. वीसेक वर्षं रायपुरात आहे, हिंदी अजूनही दगडातून काढल्यासारखी बोलते, पण तिच्याइतकी पेशंटची नस कुणाला कळत नाही. नऊ वाजता तिनं मला बोलावलं.

"डॉक्टर, ये दूध बोल रही है."

"तर मग दे ना दूध. किचनला सांग."

"माँगती नहीं. अपना दूध बोलती." सिस्टरनं तिच्या अंगावरची चादर खाली केली. हॉस्पिटलच्या गाउनवर छातीशी दोन मोठे ओले गोल. सिस्टरनं हात लावला तशी बाई कळवळली. दगड झाले होते. "पाल, पाल बोलती है न? मेरे गाँव में भी पाल मतलब दूध. इसका भी वही होगा. बच्चा छोटा है इसका, डॉक्टर. कल से भरा है. किसी ने देखा नहीं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टरवर नाही, आणखी कुणावर नाही, माझ्यावर. काल ती बाई अख्खी दुपार मला सांगून राहिली होती की माझं दूध भरून आलंय, माझं लेकरू उपाशी आहे. अन् मी झाडू घेऊन भिंतीवर नाचून राहिली होती! बाप्पा, काय म्हणावं मले? डॉक्टरीण मोठी!

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. मी खाली वाकले. "मैं तोर दाई हंव का?" मी तुझी आई आहे का?

"हव," ती म्हणाली.

"तैं डउका हस का?" तू पुरुष आहेस का?

"हव."

सिस्टरनं कपाळावर हात मारला.

बस्तरच्या जंगलातली बाई, तिची भाषा गोंडी. तिला छत्तीसगढी येत नव्हती, हिंदी तर नाहीच. एवढं मोठं हॉस्पिटल, इथे डोक्यातली शीर न् शीर दाखवणारं मशीन आहे, आणि गोंडी बोलणारा एक माणूस नाही. वर्षानुवर्षं तिकडून माणसं येऊन राहिली, अन् कोणालेच वाटलं नाही की यांचं बोलणं समजणारा एखादा तरी पगारावर ठेवावा. मलेही नाही वाटलं. मी काही वेगळी नव्हती.

गोंडी येणारा एकच माणूस इमारतीत होता. तो दंडात गोळी लागलेला जवान.

मी त्याला व्हीलचेअरवर बसवून स्वतः ढकलत नेलं. महिला शिपाई आडवी आली. मी म्हटलं, ड्रेसिंग आहे, बाजूला हो. खोटं बोलले. जवान घाबरला होता, दोन्ही बाजूंनी. आपल्या लोकांनी पाहिलं तर नोकरीचं काय, आणि गावच्या लोकांना कळलं तर घरच्यांचं काय. तरी तो आला. तो बोलायला लागला आणि बाईनं त्याची वर्दी नसलेली छाती, बांधलेला हात, तोंड, सगळं एकदा नीट पाहिलं. मग ती जी बोलायला लागली ती थांबेचना. काल दिवसभरात तिचे दोनच शब्द ऐकलेले आम्ही, उभ्या राहून पाहत होतो.

जवान तुकड्या-तुकड्यानं सांगत गेला. ती महू, म्हणजे मोहाची फुलं, वेचायला गेली होती. गोळ्या सुरू झाल्या तशी पळाली. घरी मुलगी आहे, खालचे दोन दात आले आहेत. म्हणजे सहा-सात महिन्यांची. घरात फक्त सासू. पाड्यात दुसरी अंगावर पाजणारी बाई नाही. "मैडम, पूछ रही है, बच्ची को दूध कौन दे रहा है."

मी विचारलं, "गोळी कुणाची?"

तो खाली पाहत म्हणाला, "उधर से भी चली, इधर से भी." मी दुसरं विचारलं.

"आणि हव कशाला म्हणते ती सगळ्याला?"

तो जरा हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. म्हणाला, गावात म्हातारी माणसं शिकवतात. वर्दीवाला दिसला, शर्टपँटवाला दिसला, काहीही विचारलं तरी हव म्हणायचं. नाही म्हटलं की मार पडतो. "मेरी माँ भी यही सिखाती थी, मैडम." मग म्हणाला, आमच्यात नाही म्हणायला "हिल्ले" म्हणतात, पण ते बाहेरच्या माणसापुढे कुणी म्हणत नाही.

बयानाची एक प्रत आमच्या फाइलला लागलेली होती. मी ती काढून वाचली. तिनं सगळं कबूल केलं होतं. मी त्यांच्यासोबत होते, हव. बंदूक चालवता येते, हव. आणि मधेच एक ओळ, "तिरपाल के डेरे में रहना स्वीकार किया." मला कळेना हे कुठून आलं. मग लक्षात आलं. साहेबांनी विचारलं असेल, कहाँ रहती थी, आणि ती म्हणाली असेल, पाल. मी ऐकली भिंतीवरची पाल. त्यांनी ऐकलं तिरपाल, म्हणजे ताडपत्रीचा तळ. ती आपली दूध, दूध म्हणून रडत होती.

आणि त्या सगळ्याच्या वर माझी सही. पाच वाजून दहा मिनिटं.

त्याच दुपारी साहेब परत आले तेव्हा मी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. सांगितलं की माझं सर्टिफिकेट मी मागे घेते.

"आप ही ने लिखा है मैडम, होश में है. बेहोश थी क्या?"

"नाही. होशात होती."

"तो फिर?"

"तिला एक अक्षर समजलं नाही!"

"फॉर्म में समझने का कॉलम नहीं है," साहेब म्हणाले. शांतपणे, हसून. "आप टेंशन मत लीजिए."

टेन्शन मत लीजिए! मी त्या व्हरांड्यात जे बोलले ते अर्धं हिंदीत होतं, अर्धं नागपुरीत, आणि त्यातलं बरंचसं इथे लिहिता येणार नाही. पेशंट दारात येऊन उभे राहिले. म्हटलं, तुले मी विचारते तामिळमधे, तू चोर आहे का, अन् तू मान हलवली की टाकते तुले आत, चालते का? साहेबांना काय समजलं कोण जाणे. ते फाइल काखेत मारून गेले. माझ्या वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले, "आप गुस्सा बहुत करती हैं. आपका काम ऑपरेशन है." मी पाणी प्यायले नाही.

मी दुसरा कागद लिहिला. रुग्णास हिंदी व छत्तीसगढी समजत नाही, माझं आधीचं प्रमाणपत्र फक्त शुद्धीपुरतं आहे, बयान दुभाष्याशिवाय घेतलं गेलं. तीन प्रती केल्या. एक साहेबांच्या ऑफिसात पाठवली, ती त्यांनी घेतली नाही. एक हॉस्पिटलच्या आवक खिडकीवर देऊन शिक्का मारून घेतला. तिसरी पर्समध्ये ठेवली.

इकडे दुधाचं काय करायचं हा प्रश्न होता. अंगावरचं दूध असं तुंबू दिलं तर ताप येतो, गळू होतं. साधा उपाय म्हणजे दूध सुकवायची गोळी. पण आता तिच्या "हव"वर मी काही करणार नव्हते. जवानाला पुन्हा आणलं. त्यानं विचारलं, गोळीनं दूध जाईल, दुखणं थांबेल, देऊ का?

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "हिल्ले."

आवाज मोठा नव्हता. पण सळयांनी जखडलेला पाय घेऊन ती कोपरावर उठून बसायला लागली होती. मग जवानाशी काही बोलली. तो म्हणाला, "कह रही है, दूध रखना है. घर जाके पिलाएगी."

झालं. त्या दिवसापासून सिस्टरनं ते काम अंगावर घेतलं. दर तीन तासांनी गरम पाण्याचा कपडा आणि स्टीलची वाटी. सिस्टर नसली की आयाबाई, आयाबाई नसली की मी. बाई स्वतःच हातानं पिळून काढायला शिकली. वाटी भरायची आणि आम्ही ती बेसिनमध्ये ओतायचो. ती तिकडे बघायची नाही. सुरुवातीला महिला शिपाई तोंड फिरवून बसायची. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ती स्वतःच उठली, वाटी घेतली आणि ओतून आली.

जवानानं फोनवरून आपल्या आईला कळवलं. त्याची आई आठवडी बाजारात त्या पाड्यातल्या बायकांना भेटते. पाचव्या दिवशी निरोप आला. मुलगी जिवंत आहे, सासू पेज पाजते. पेज म्हणजे पेजच, आपल्यासारखीच, तांदळाची. हे ऐकून बाई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. मी म्हटलं, मुलीलाच इकडे आणा, मी गाडी पाठवते. सासूचा निरोप आला, सून गेली ती आली नाही, आता नात नाही देणार. तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर मीही दिली नसती.

पाच आठवडे ती आमच्याकडे होती. जखम भरली. पाचही आठवडे दूध टिकवलं तिनं. मला खरोखर वाटत होतं की माझा तो शिक्क्याचा कागद कुणीतरी वाचेल. मग एका सकाळी मी ऑपरेशनमधून बाहेर आले तर पलंग रिकामा. कुबड्या देऊन नेली होती तिला. घरी नाही, तुरुंगात. पलंगाशेजारच्या कपाटावर वाटी तेवढी धुऊन पालथी घातलेली होती. सिस्टर त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

दीड वर्षानं मला कोर्टाचं समन्स आलं. साक्षीदार म्हणून, आणि तेही तिच्या विरुद्ध बाजूनं, कारण सही माझी होती. कोर्ट तिकडे बस्तरात, म्हणून पहाटे निघाले. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवरून गाडी एकटीच पळत होती, दोन्हीकडे सरकारी इमारती. माझं डोकं तापायला लागलं. एवढे रस्ते बांधले, एवढ्या खिडक्या लावल्या, अन् एक दुभाषी बसवाले जागा नाही सापडली यायले.

ती कोर्टात कठड्यामागे उभी होती. वाळून काटकुळी झालेली, डाव्या पायावर भार न देता, मान खाली. सरकारी वकिलांनी माझ्यापुढे तो कागद धरला.

"ये दस्तखत आपके हैं?"

मी पर्समधला दुसरा कागद काढायला लागले. "सांगते, पण त्याआधी..."

"हाँ या ना में जवाब दीजिए."

"साहेब, माझं ऐकून..."

"सिर्फ हाँ या ना, मैडम."

काय करणार? सही तर माझीच होती. चाळीस वर्षांची सवय, तोंडून निघून गेलं, "हव."

तो शब्द ऐकल्याबरोबर कठड्यामागची मान वर झाली. "हव," ती म्हणाली.

जजसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमसे किसी ने कुछ पूछा?"

"हव."

"तुम्हें मारा किसी ने?"

"हव."

"किसी ने नहीं मारा?"

"हव."

टाइप करणाऱ्याचा हात थांबला. जजसाहेब माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या हातात तो कागद कसला आहे. मी दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. पुढच्या तारखेला गोंडी जाणणारा माणूस हजर ठेवा, असा हुकूम झाला आणि सगळे उठले. दीड वर्ष! एका माणसाला बोलवायला दीड वर्ष. आणि तेही कुणाला दया आली म्हणून नाही, माझी जीभ घसरली म्हणून.

बाहेर व्हरांड्यात तिला गाडीची वाट पाहत बसवलं होतं. सोबतच्या महिला शिपायाला मी म्हटलं, माझी पेशंट आहे, पाय बघते. खाली बसले, पाय पाहिला. हाड बरं जुळलं होतं. तिनं मला ओळखलं, माझा हात धरला. खूप बोलावंसं वाटत होतं. सांगावं की चूक माझी होती, मला तुझं बोलणं कळलं नाही, मी पाल हाकलत बसले. पण जवान नव्हता, सिस्टर नव्हती. तिच्या भाषेतला मला नीट येणारा एकच शब्द होता.

"पाल?" मी विचारलं.

तिनं मान खाली घालून छातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी हव म्हणाली नाही.

"हिल्ले," म्हणाली.